नाशिकहून डायनासोरच्या उत्खननाला जायचं तर कुठे, कुणाबरोबर आणि कधी?

नाशिकच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत, गेली चार वर्षं डायनासोरखेरीज दुसरं काही बोलत नाही. दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या जीवाश्म-शास्त्रज्ञाबरोबर तिला खऱ्याखुऱ्या खोदाईला पाठवता येईल का? नाशिकच्या जवळपास हाडं सापडतात का? आणि मुलगी भूशास्त्राच्या हातोडीसाठी हट्ट धरून बसली आहे, ती घेऊन द्यावी का?

ताई, मी नाशिकचीच. माझी तीसेक वर्षं खडकांत गेली, त्यातली बरीचशी नर्मदेच्या खोऱ्यात आणि चंद्रपूरकडच्या शेतांत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. आठवीतल्या मुलीला चालू उत्खननावर कुणी घेणार नाही. अमेरिकेत मोंटाना, वायोमिंगसारख्या राज्यांत पैसे भरून आठवडाभर खोदाईला जाता येतं, तिथली काही संग्रहालयंच अशी शिबिरं घेतात. आपल्याकडे ही पद्धत रुजलेली नाही. इथलं उत्खनन म्हणजे विद्यापीठाचा किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा प्रकल्प. चार-सहा माणसं, एक जीप, मोजका निधी आणि मोजके दिवस. पण साइट पाहता येते, तिथल्या खडकावर हात ठेवता येतो आणि शास्त्रज्ञ दिवसभर जे करतात त्यातलं निम्मं काम आठवीच्या मुलीला नाशिकमध्ये बसून शिकता येतं. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, कसं ते पुढे सांगते.

आता नाशिकचं. आपल्याकडे डायनासोर सापडत नाहीत, कारण आपण लाव्हावर बसलोय. पांडवलेणी, अंजनेरी, ब्रह्मगिरी, चामर लेणी, सगळा काळा पाषाण. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, एकावर एक थर साचत गेले आणि सह्याद्री उभा राहिला. यातल्या तळाकडच्या थरांना भूशास्त्रात ‘इगतपुरी’ आणि ‘जव्हार’ ही नावं आहेत. जगभरचे अभ्यासक ती उच्चारतात, आपण मात्र कसारा घाटातून जाताना खिडकीची काच खाली करून भजी घेतो आणि पुढे निघतो. पुढच्या वेळी त्या भागात सुरक्षित जागी थांबून काळ्या दगडात बोट-बोट लांबीचे पांढरट स्फटिक दिसतात का, ते तिला शोधायला लावा. फेल्डस्पार या खनिजाचे आहेत ते. लाव्हा वर येण्याआधी जमिनीखाली संथपणे निवत असताना वाढलेले.

हाड टिकायचं तर ते लवकर गाडलं जावं लागतं, तेही गाळात, वाळूत किंवा चिखलात. हजार अंशांच्या पुढच्या लाव्हात हाडाचं काय राहणार? शिवाय डायनासोर ज्या जमिनीवर हिंडत होते, ती नाशिकमध्ये या लाव्हाच्या खाली, खूप खोल गाडलेली आहे. विहीर खणणारे आधी मुरूम सांगतात, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पण त्या पाषाणाच्या तळापर्यंत कुणाचीच विहीर पोचत नाही.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती दरवर्षी माझ्यापर्यंत येते. कुणाच्या तरी शेतात, रस्त्याच्या कटिंगमध्ये गोल-गोल दगड निघतात आणि मोबाइलवर फोटो येतो, ‘मॅडम, डायनासोरची अंडी!’ ती अंडी नसतात. काळ्या पाषाणात चिरा असतात, चिरांमधून पाणी मुरतं, चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात आणि दगड कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटायला लागतो. आत गोटा उरतो. आपल्या जिल्ह्याला कांदा काही नवा नाही, त्यामुळे हे लगेच कळतं. अंड्याला एकच कवच असतं, तेही दीड-दोन मिलिमीटर जाडीचं, आणि आत भरलेला असतो गाळ. पापुद्र्याखाली पापुद्रा निघत गेला तर तो दगडच. पण फोटो पाठवणाऱ्याला मी कधी उडवून लावत नाही. थांबून गोल दगड निरखणारा माणूस मला हवाच असतो.

मग डायनासोर कुठे? लाव्हाच्या कडांना, जिथे नद्यांनी वरचं झाकण कापून खालची जमीन उघडी केली आहे. या खालच्या थराचं नाव लमेटा, जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून पडलेलं. भारतातली डायनासोरची पहिली हाडं १८२८ मध्ये जबलपूरलाच स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला मिळाली. तोच स्लीमन, ज्याने ठगांचा बंदोबस्त केला. त्या हाडांवरून १८७७ मध्ये लिडेकरने टायटॅनोसॉरस हे नाव ठेवलं, आणि आज टायटॅनोसॉर हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्यांनाही लावतात. लमेटाचे थर जबलपूरहून नर्मदेच्या कडेने पश्चिमेला धार जिल्ह्यापर्यंत आणि पुढे गुजरातेत बालासिनोरपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी दिसतात. इकडे महाराष्ट्रात ते चंद्रपूर-नागपूरकडे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचा बराच मोठा सांगाडा मिळाला. आज त्याचं नाव इसिसॉरस, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. डायनासोर सापडलेली आपल्या राज्यातली ही जागा तिला नकाशावर आधी दाखवा.

आता खोदाईबद्दल. मुलांच्या डोळ्यांपुढे ब्रशने वाळू झटकली की खालून अख्खा सांगाडा, असं चित्र असतं. प्रत्यक्षात खोदाई फार कमी आणि चालणं फार जास्त. सकाळी सहाला निघायचं, ओहोळाच्या काठाने मान खाली घालून चालायचं, दहा-दहा पावलांवर थांबायचं. पावसाळ्याने माती धुऊन नेलेली असते, म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही. तिसऱ्या दिवशी नजर बसते, आणि मग त्याच वाटेवर काल दुर्लक्ष केलेले तुकडे एकेक करून दिसायला लागतात.

धार जिल्ह्यात बाग नावाच्या गावाजवळ मी पहिल्यांदा डायनासोरचं घरटं पाहिलं तो प्रसंग सांगते. चुनखडीचा खडबडीत, मळकट-पांढरा खडक, त्यावरून मी दोनदा चालून गेले होते. बरोबरच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि त्या खडकावर शिंपडली. ओल्या दगडावर बारीक करड्या रेघा उमटल्या. एक कमान, शेजारी दुसरी, मग एक जवळजवळ पूर्ण गोल, शहाळ्याएवढा. खडूने गोल काढावा आणि मध्येच दोन-तीन ठिकाणी पुसला जावा, तसा. भिंग लावलं तर त्या रेघेला जाडी होती आणि बाहेरच्या कडेला मोहरीहून बारीक उंचवटे. कवच होतं ते. गुडघ्यावर बसून मोजले तर सहा गोल निघाले. पाणी वाळलं तशा रेघा पुन्हा दिसेनाशा झाल्या. आम्ही ती अंडी काढली नाहीत. खडक इतका घट्ट असतो की काढायला गेलं तर अंड्यांचा चुरा होतो. मोजमापं घेतली, रेखाचित्र काढलं, फोटोत पट्टी ठेवली आणि पुढे गेलो.

याच पट्ट्यात पुढे दिल्ली विद्यापीठाच्या चमूने ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली, ते काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. घरटी एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की त्या अवाढव्य माद्यांना मधून वावरायलाही जागा नसावी, म्हणजे अंडी घालून त्या निघून जात असाव्यात. एवढी गोष्ट कळली ती घरटी जागच्या जागी मोजल्यामुळे. अंडी उचलून कपाटात ठेवली असती तर एका अंड्यापासून दुसरं किती अंतरावर होतं, हे कायमचं गेलं असतं. तुमच्या लेकीला आणखी एक सांगा. त्या भागातली अंडी शोधण्यात विशाल वर्मा या धारच्या शाळाशिक्षकाचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कितीतरी वर्षं सुट्ट्यांमध्ये तो मुलूख पायी पालथा घातला आणि त्या शोधनिबंधावर त्यांचंही नाव आहे.

माझी एक चूक सांगते, तिची टोचणी अजून आहे. एम.एस्सी.ला असताना एका नाल्यात मला मणक्याचा तुकडा मिळाला. आनंदाच्या भरात मी तो उचलून पिशवीत टाकला आणि दिवसभर हिंडले. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात सरांसमोर ठेवला. त्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिला, छान आहे म्हणाले, आणि विचारलं, “कुठला?” मी नाला सांगितला. “नाल्यात कुठे? कुठल्या थरात? थराला लागून होता की वाहून आलेला?” मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही चार तास ती जागा शोधली, सापडली नाही. बाकीचं हाड तिथेच कुठेतरी होतं, कदाचित अख्खा प्राणी होता. सरांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. तो तुकडा अजून एका खोक्यात आहे, त्याच्या चिठ्ठीवर जागेच्या रकान्यात काही नाही. त्याच्यावर कुणी कधी काही लिहू शकणार नाही.

उलट उदाहरण राजासॉरसचं. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली गावात १९८२ ते १९८४ या काळात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तवांनी भरपूर हाडं काढली. काढण्याआधी प्रत्येक हाड कुठे, कसं पडलं होतं याचा नकाशा त्यांनी काढून ठेवला. पुढे वीसेक वर्षांनी भारतीय आणि अमेरिकी अभ्यासक ती हाडं घेऊन बसले, तेव्हा या नकाशामुळे ठरवता आलं की ही कवटी, हे मणके, हे पाय एकाच मांसाहारी प्राण्याचे. डोक्यावर आखूड शिंग असलेला तो प्राणी २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस या नावाने जगापुढे आला. त्याआधी जबलपूरला, १९३३ च्या शोधग्रंथात, सुट्या-सुट्या हाडांवरून मांसाहारी डायनासोरांची इतकी नावं दिली गेली की कुठलं हाड कुणाचं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. नकाशा असणं आणि नसणं यात एवढा फरक पडतो. म्हणून माझ्या लेखी या धंद्यातलं पहिलं हत्यार म्हणजे वही.

हाड काढायचंच ठरलं तर ते पूर्ण मोकळं करत नाहीत. वरचा भाग आणि कडा सुईने, छिन्नीने उघड्या करायच्या, भेगांमध्ये पातळ चिकटद्रव सोडायचं. मग भोवतीने चर खणत जायचं, की हाड मातीच्या ओट्यावर ठेवल्यासारखं दिसायला लागतं. वर ओला पातळ कागद, म्हणजे प्लास्टर हाडाला धरत नाही. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, हाडवैद्याकडच्या पट्टीसारख्या. वाळल्यावर ओट्याची मान खालून कापायची आणि सगळ्यांनी मिळून एका दमात तो गठ्ठा उलटायचा. त्या क्षणी कुणी बोलत नाही. खालून माती घसरली तर हाडही घसरतं. उलटला की दुसरी बाजू बांधायची आणि गठ्ठ्यावर मार्करने क्रमांक, तारीख, दिशा लिहायची.

मग तो प्रयोगशाळेत जातो आणि खरं काम तिथे सुरू होतं. तुमच्या मुलीला सापांची भीती वाटत नसेल तर सानाजेह इंडिकसची गोष्ट सांगा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात गुजरातमध्ये ढोली डुंगरीला अंडी आणि शेजारी नवजात पिल्लाची हाडं असलेला खडक मिळाला. २००१ मध्ये जेफ्री विल्सन हे अमेरिकी अभ्यासक तोच खडक पाहत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यातले काही मणके डायनासोरचे नाहीतच, सापाचे आहेत. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. घरट्यावर आलेला साप होता त्या स्थितीत गाडला गेला होता. शोधनिबंध आला २०१० मध्ये. म्हणजे खडक जमिनीतून निघाल्यावर पाव शतक लागलं तो नीट वाचायला. मला हा भाग उत्खननापेक्षाही आवडतो, आणि याला वयाची अट नाही.

पिसदुराबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडचं हे गाव, साधी शेतं. नांगरटीनंतर काळ्या मातीत तपकिरी गोळे वर येतात, काही मुठीएवढे, काही मोठे. ती डायनासोरच्या काळातली विष्ठा आहे, दगड झालेली. त्यांची पूड करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण निघाले. २००५ मध्ये हे प्रसिद्ध होईपर्यंत डायनासोरांच्या काळात गवत होतं याचा असा पुरावा नव्हता. जगाची ही समजूत विदर्भातल्या एका शेतातल्या गोळ्यांनी बदलली! शेतमालकाला विचारल्याशिवाय त्या शेतात पाय ठेवू नका, एवढंच सांगते. विचारलं की माणसं प्रेमाने दाखवतात, चहाही पाजतात.

तर दिवाळीत काय करायचं? माझं मत विचाराल तर बागला जा. धुळे, शिरपूर, सेंधवा, बडवानी, कुक्षी असा रस्ता आहे, पहाटे निघालात तर दुपारी पोचता. तिथे संरक्षित डायनासोर जीवाश्म उद्यान आहे, शिवाय याच भागात समुद्री शिंपल्यांचे थर आहेत. एकेकाळी समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता, ते तिला शिंपले पाहून आपोआप कळेल. दिवस जास्त असतील तर बडोद्याच्या पुढे बालासिनोरला जा. रैयोलीला २०१९ पासून संग्रहालय आहे आणि शेजारीच जिथून हाडं निघाली ते माळरान. दोन्ही ठिकाणी खडीएवढाही तुकडा उचलायचा नाही, आणि रस्त्यात कुणी ‘अंडं’ विकायला आणलं तर घ्यायचं नाही. घेणारा असतो म्हणून फोडून आणणारा असतो.

आणि नाशिकजवळ काहीच नाही असंही नाही. निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला आपण पक्षी बघायला जातो. तिथल्या गोदावरीच्या गाळात एका प्रचंड हत्तीची कवटी सापडली होती. पिलग्रिम या भूशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये तिचं वर्णन केलं. आजच्या हत्तीहून कितीतरी मोठा, सरळसोट सुळ्यांचा प्राणी. गोदावरीच्या या जुन्या गाळांत पाणघोड्याचेही अवशेष मिळालेत. म्हणजे आपल्या गोदेत एकेकाळी पाणघोडे डुंबत होते. डायनासोरांच्या मानाने हे अगदी कालपरवाचं, पण त्या काळाच्या आगेमागे इथे माणूस होता. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांना गंगापूरजवळ गोदावरीच्या काठी अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली होती. एखाद्या रविवारी तिला नदीकाठी न्या आणि उभ्या कापलेल्या दरडीसमोर उभं करा. खाली गोटे, वर वाळू, त्यावर पिवळट गाळ, सगळ्यात वर काळी माती. प्रत्येक थराची जाडी टेपने मोजून वहीत काढायला सांगा, रंग लिहायला सांगा, दोन थरांमधली रेघ सरळ आहे की नागमोडी ते बघायला सांगा. अभयारण्याच्या हद्दीत खणायचं नाही, काही उचलायचं नाही, आणि या कामाला खणावं लागतही नाही. आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांकडून हेच करून घेतो. सिन्नरचं गारगोटी संग्रहालयही दाखवा. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत किती सुंदर स्फटिक वाढतात ते बघून मोठी माणसंही गप्प होतात.

पुढची वाट एवढीच आहे. बारावी सायन्स, मग भूशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. जीवशास्त्र सोडू देऊ नका, हाडं ओळखायला शरीररचना लागते. चित्रकला तर मुळीच नाही. एम.एस्सी.पर्यंत पोचली की मार्गदर्शकांच्या प्रकल्पातून खऱ्या उत्खननाला जाता येतं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं तर यूपीएससी त्यासाठी वेगळी परीक्षा घेते. तोवर कॉलेजातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना तिच्या वहीची चार पानं दाखवा. सहलीला एक जागा रिकामी असली की अशा मुलांना आम्ही आवर्जून बोलावतो.

राहिली हातोडी. आत्ता घेऊ नका. काळ्या पाषाणावर घाव घातला की कपची उडते आणि थेट डोळ्यात जाते. माझ्या ओळखीत एकाची नजर त्यात अधू झाली. हातोडी घ्याल त्या दिवशी चष्माही घ्यायचा, आणि तो दिवस कॉलेजातला. आत्ता तिला दहापट मोठं दाखवणारं, घडी होणारं भिंग घेऊन द्या आणि गळ्यात दोरीने अडकवायला सांगा, नाहीतर पहिल्याच सहलीत हरवेल. एक मीटर-टेप, पेन्सिल, खोडरबर आणि पावसात भिजली तरी चालेल अशी जाड पुठ्ठ्याची वही. भिंग डोळ्याला अगदी टेकवून धरायचं आणि दगड जवळ आणायचा. बहुतेक मुलं उलट करतात, भिंग दगडाजवळ नेतात, आणि मग काहीच दिसत नाही म्हणतात.